हलका पाय

पाकीट आलं तेव्हा कवळीवाला एका म्हाताऱ्याचा सुळा मेणात रोवत होता. म्हातारा तिथं नव्हता बरं का. तो आपल्या घरी बोळकं मिटून वाट बघत बसला होता. इथं टेबलावर होता त्याचा नुसता प्लास्टरचा जबडा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी, आणि हिरडीत ओळीनं उभे केलेले तेरा दात. चौदावा कवळीवाल्याच्या चिमट्यात. हात असा हलका, की एकदा म्हणे त्यानं झोपलेल्या मांजराच्या मिशा मोजल्या, एक कमी भरली म्हणून पुन्हा मोजल्या, तरी मांजरानं कूस बदलली नाही. शहरातले दातांचे चार डॉक्टर त्याच्याकडूनच कवळ्या करून घेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याला कुणी नावानं हाक मारली नव्हती. बायकोनं पाकीट फोडलं, वाचलं, आणि पोस्टाच्या खिडकीवर बसून वाईट कागद हातात देण्याचा जो एक सपाट आवाज तिनं कमावला होता त्या आवाजात म्हणाली, "गाडीचा इन्शुरन्स. दीडपट झालाय." सुळा वाकडा बसला.

दीडपट म्हणजे किती ते त्याला आधी पोटात कळलं, मग डोक्यात. एकोणीस वर्षं तो गाडी चालवत होता आणि एकोणीस वर्षांत त्यानं कंपनीकडं एक छदाम मागितला नव्हता. मागायची वेळ आली नव्हती असं नाही. एकदा त्यानं स्वतःच्याच फाटकाला गाडी घासली होती, आणि एकदा पार्किंगमधला खांब, त्याच्या सांगण्याप्रमाणं, दोन पावलं पुढं सरकून आला होता. पण दोन्ही वेळा त्यानं गपचूप खिशातून भरलं आणि कोरी पाटी कोरी ठेवली. त्या कोऱ्या पाटीचा त्याला केवढा आधार होता हे त्याला आत्ता, वाकड्या सुळ्याकडं बघताना कळत होतं. आयुष्यात बाकी बऱ्याच गोष्टी धड झाल्या नव्हत्या, पण कुठंतरी एका कचेरीत एका यंत्रात लिहिलेलं होतं की हा माणूस एकोणीस वर्षं कुणाला धडकला नाही. आणि आता तेच यंत्र म्हणत होतं, भरा दीडपट. कारण खाली बारीक अक्षरात होतं. दुसरी चालक, वय वर्षं एकवीस. म्हणजे भिंगरी. त्याची लेक.

भिंगरीला दोन महिन्यांपूर्वी नोकरी लागली होती, शहराबाहेर तीस किलोमीटरवर, म्हाताऱ्या माणसांच्या एका दवाखान्यात. ज्यांना उठता येत नाही त्यांना उठवायचं, ज्यांना चालता येत नाही त्यांना चार पावलं चालवायचं. पाळी सकाळी साडेपाचला सुरू. त्या वेळी तिकडं बस जात नाही, आणि जी पहिली जाते ती सात वाजता पोचते, तोवर म्हातारी माणसं पलंगावर बसून दाराकडं बघत असतात. लहानपणापासून एका जागी न ठरणारी ही पोरगी पहिल्यांदा कुठंतरी ठरली होती. पहाटे ती गाडी न्यायची, दोनला परत आणायची, मग कवळीवाला आपल्या डब्या घेऊन डॉक्टरांकडं फिरायचा. असं बेतशीर चाललं होतं. "नाव काढलं तर?" बायको म्हणाली. "नाव काढलं तर तिला गाडी चालवता येणार नाही." "आणि गाडी नाही तर नोकरी नाही." दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग दोघांनी प्लास्टरच्या जबड्याकडं बघितलं, जणू त्यालाच काही सुचलं तर.

कंपनीच्या फोनवर एक मुलगी होती. तिच्या आवाजात कसला राग नव्हता, लोभ नव्हता. "सर, हप्ता कमी करण्याचे पर्याय सांगू का?" ती म्हणाली आणि सांगत सुटली. गाडी कुलपात ठेवता का? ठेवतो. ते धरलंय, सर. वर्षाचे एकदम भरता का? भरतो. तेही धरलंय. मुलीचं नाव काढता का? नाही. "मग एकच राहिलं, सर. डबी." डबी म्हणजे काय, तर काडेपेटीएवढं एक यंत्र, गाडीत स्टिअरिंगखाली चिकटवायचं. तीन महिने ते बघणार, कोण गाडी कशी चालवतं, आणि शंभरपैकी गुण देणार. एकदम वेग घेतला, गुण कमी. वळण जोरात घेतलं, गुण कमी. आणि कडक ब्रेक मारला तर डबी टुक करणार आणि सरळ चार गुण जाणार. "नीट गाडी चालवलीत की रोज थोडे थोडे परत चढतात, सर. शेवटच्या रविवारी संध्याकाळी पंच्याऐंशीच्या वर असले तर मुलीचं नाव ठेवून हप्ता पहिल्याइतका." "आणि खाली असले तर?" "तर दीडपट, सर. किंवा नाव काढा." कवळीवाल्यानं विचारलं, "ताई, पण कडक ब्रेक म्हणजे किती कडक?" त्यावर ती मुलगी पहिल्यांदा थांबली. "ते डबीला कळतं, सर," ती म्हणाली.

पहिल्या आठवड्याचे गुण आले एकाहत्तर. कवळीवाला दोन वाजेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिला आणि भिंगरीनं किल्ली खिळ्याला अडकवायच्या आत तिच्यावर घसरला. तरुण रक्त आहे, घाई असते, मान्य. पण नोकरी कुणाची जाणार आहे? भिंगरीनं ऐकून घेतलं, मग त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि बोटानं पडदा वर सरकवत गेली. प्रत्येक कडक ब्रेकला लाल ठिपका होता आणि ठिपक्याशेजारी वेळ. तीन वाजून दहा. चार वाजून पाच. पुन्हा तीन वाजून दहा. "बाबा, तीन वाजता मी झोपलेली असते," ती म्हणाली. "हे सगळे तुझे ठिपके आहेत. हा बघ, तुझ्या दोन नंबरच्या डॉक्टरसमोरचा गतिरोधक. रोज टुक." बायको आतून म्हणाली, "एकोणीस वर्षं मी बाजूला बसून मान धरत होते, ते उगीच नव्हतं." दोघी हसल्या. त्यालाही हसू आलं, पण ते ओठापाशीच राहिलं. कान गरम झाले होते. म्हणजे कोरी पाटी कोरी होती ती आपण चांगले म्हणून नव्हे, नुसतं कुणी बघत नव्हतं म्हणून. हा विचार त्याला आला आणि तो मग गेलाच नाही. पायात बारीक खडा शिरावा तसा आत बसून राहिला.

त्याचा बापही कवळ्याच करायचा. बाप शेजारी बसून कवळीवाल्याच्या हाताकडं बघायचा आणि मेणावर जरा बोट जड पडलं की चिमट्यानं बोटाच्या पेरावर टक् करून मारायचा. हात हलका ठेव. हलका. अजून हलका. तीन वर्षं त्या टक्टकीखाली गेली, आणि मग एके दिवशी चिमटा वाजला नाही, दुसऱ्या दिवशीही वाजला नाही, आणि बाप उठून बाहेर जाऊन बसला. पोरगा तयार झाला. आता बावन्नाव्या वर्षी पुन्हा कुणीतरी शेजारी बसलं होतं आणि टुक करत होतं. पण हाताला शिकवता आलं तर पायाला का नाही? या विचारानं त्याला एवढी उभारी आली की त्याच दुपारी त्यानं एक युक्ती काढली, जी त्याच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. मेणात दात लावलेली कच्ची कवळी डॉक्टरकडं न्यावी लागते, तोंडात घालून बघायला. ती आजवर कवळीच्या डबीत, कापसात, मागच्या सीटवर जायची. आता त्यानं ती काढून समोर, काचेखालच्या फळीवर, ओल्या फडक्यावर ठेवली. जबडा त्याच्याकडं तोंड करून. मेण उन्हानं जरा मऊ. गाडीला हिसका बसला की पुढचा दात हलणार. दात हलला नाही, म्हणजे पाय हलका.

पहिल्या दिवशी चार दात पडले. एक पेडलखाली गेला, तो शोधायला रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो अर्धा तास डोकं खाली आणि पाय वर असा पडला होता. दुसऱ्या आठवड्यात दोन. मग एक. आणि मग त्याची गाडी अशी चालायला लागली की ती चालतेय की उभी आहे यावरून रस्त्यावरच्या लोकांत पैजा लागल्या म्हणतात. चौकातल्या एका गोगलगायीनं त्याला डावीकडून ओव्हरटेक केलं आणि जाताना मागं वळून बघितलं. त्याच्या मागं अडकलेला एक कारकून म्हणे तिथंच रिटायर झाला आणि साहेबांनी निरोपाचा हार खिडकीतून आत दिला. लोकांना काय, लोक काहीही सांगतात. गुण मात्र खरे होते. अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याऐंशी. एकोणनव्वद. तो सिग्नल दोन चौक आधीपासून वाचायचा. कोणत्या दारातून कोण निघेल, कोणत्या पोराचा चेंडू सुटेल, कोणत्या बसचा दिवा लागेल, सगळं आधी. ब्रेकवर पाय तो ठेवायचाच नाही. नुसता टेकवायचा, मेणावर पाती टेकवावी तसा, आणि गाडी आपोआप, लाजल्यासारखी, थांबायची. मागचे भोंगे वाजवायचे. वाजवू देत. भोंगे डबीला ऐकू येत नाहीत.

पण हा हलकेपणा गाडीतून उतरताना त्याच्याबरोबर उतरायला लागला. तो कप टेबलावर आवाज न करता ठेवायचा. दार लावायचा नाही, दार लागू द्यायचा. दोन नंबरचा डॉक्टर एकदा म्हणाला, "कवळीवाले, तुम्ही आलात कधी? मला कळलंच नाही." बायको काही बोलली की तो लगेच उत्तर द्यायचा नाही, आधी तिचं वाक्य दोन चौक लांबून बघायचा. दर तासाला फोन काढून आकडा बघायचा. आकडा संध्याकाळीच बदलतो हे माहीत असून बघायचा. आणि कधी कधी, विनाकारण, त्याला ती जुनी दुपार आठवायची. भिंगरी दोन वर्षांची, अंगात ताप, आणि एकाएकी तिनं डोळे फिरवले होते. त्यानं गाडी कशी काढली, कुठून नेली काही आठवत नव्हतं; फक्त भोंग्यावर दाबलेला तळहात आठवत होता, आणि दवाखान्याच्या दारात मारलेला तो ब्रेक, असा की बायकोच्या पायातली चप्पल उडून समोरच्या काचेवर आपटली. डबी असती तर फुटली असती. त्या दिवशी किती गुण गेले असते, असा हिशेब त्याच्या मनात आपोआप सुरू व्हायचा, आणि तो दचकून बंद करायचा.

भिंगरीलाही त्यानं शिकवलं. रविवारी तिच्या शेजारी बसायचा. "ब्रेक मारायचा नाही. ब्रेकला विचारायचं." "काय विचारू? बरं आहे का?" "थट्टा करू नकोस." "बाबा, तू माझ्याकडं बघतोस की त्या दातांकडं?" पण ती शिकली. हात बापाचाच होता तिचा. म्हाताऱ्या माणसांना उचलायचा हात. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "काल सकाळी एक कुत्रा आडवा आला. माझा पाय जाणारच होता ब्रेकवर, तेवढ्यात आठवलं, चार गुण." "मग?" "मग काय, पळाला तो. थोडक्यात गेला." आणि कवळीवाला, घास हातात धरून, मनापासून म्हणाला, "शाब्बास."

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, गुण होते एक्क्याण्णव. साडेतीन वाजले होते, स्वच्छ ऊन होतं, रस्ता रोजचा. फळीवर एका निवृत्त बँडमास्तरची खालची कवळी होती; त्याला पुन्हा तुतारी वाजवायची होती, म्हणून पुढचे दात त्यानं फार जपून लावले होते. डाव्या बाजूला सामानाची एक बंद गाडी उभी होती आणि तिच्या पुढून एक बाई रस्त्यात आली. चाकांची पिशवी ओढत. साठीची असेल, अंगात हिरवा स्वेटर. तो तिला बघत होता. हे नंतर त्याला सगळ्यात जास्त आठवायचं, की त्याला ती दिसली होती, स्वच्छ दिसली होती, स्वेटरचं वरचं बटण उघडं होतं तेसुद्धा. आणि दिसल्यावर त्याच्या डोक्यात जो पहिला आवाज झाला तो होता, एक्क्याण्णव वजा चार, सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी म्हणजे चालतंय. पंच्याऐंशीच्या वर आहे. मार ब्रेक. एवढा हिशेब झाल्यावर पाय गेला, आणि गेला तोही टेकला. हलका. मेणावर टेकवावा तसा. तीन महिने जे शिकवलं होतं तेच पायानं केलं. गाडी पुढं सरकत राहिली, लाजत, हळूहळू, आणि बाईनं मान वळवली, तिचं तोंड उघडलं, आणि तिनं मागं उडी मारली. साठीची बाई लहान पोरीसारखी दोन्ही पायांवर उडी मारून मागं गेली. पिशवी सुटली, बंपरला घासून आडवी झाली. गाडी थांबली ती जिथं बाई उभी होती त्याच्या दोन पावलं पुढं.

डबी वाजली नाही. तिच्यावरचा हिरवा दिवा हिरवाच होता. बँडमास्तरचे दात ओळीनं उभे होते, एक हलला नव्हता. बाईनं पिशवी उभी केली, एक चाक निखळलं होतं ते हातात घेतलं, आणि त्याच्या खिडकीपाशी आली. त्याला वाटलं, आता ती मारेल. त्यानं काच खाली केली, तीही हळूच. "थांबलात हो," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "माझीच चूक. बघायला पाहिजे होतं मी. दुसरा कुणी असता ना, तर गेले असते." तो काहीतरी बोलायला गेला. "तुमची पिशवी," एवढंच आलं. "जुनीच आहे हो. फेकायचीच होती," असं म्हणून तिनं खिडकीवर ठेवलेल्या त्याच्या हातावर थाप दिली, धीर द्यावा तशी, आणि एका चाकावर पिशवी ओढत गेली. रस्त्याच्या पलीकडं पोचल्यावर तिनं वळून हातसुद्धा केला.

त्या संध्याकाळी गुण ब्याण्णव झाले. पडद्यावर एक हिरवं पान आलं आणि खाली लिहून आलं, अभिनंदन, तुम्ही सुरक्षित चालक आहात. भिंगरीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. बायको म्हणाली, "झालं बाई एकदाचं, तीन महिने घरात बाळ निजल्यासारखं वागायला लागत होतं." तो हसला. रात्री जेवला. अंथरुणात पडल्यावर उजवा पाय आपोआप पुढं गेला, पलंगाच्या कडेला टेकला आणि दाब न देता तिथंच राहिला. शुक्रवारी तो बसनं त्या रस्त्यावर गेला. सामानाची गाडी नव्हती, पण ती जिथं उभी होती तिथं तेलाचा डाग होता. जिथं त्याला बाई दिसली तिथून तिच्या जागेपर्यंत त्यानं पावलं मोजली. चौदा. कुणी बघतंय का ते बघून पुन्हा मोजली. चौदा. आपल्याला लागली सोळा. दोन पावलं ती बाई स्वतः मागं गेली म्हणून निभावलं. मधे उभा राहून त्यानं त्या दोन पावलांकडं बघितलं. साधा डांबरी रस्ता होता, एक चपटी झालेली बाटली, एक पान. मागून भोंगा वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "आजोबा, हरवलंय का काही?" त्यानं मान हलवली, हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

"काय झालंय?" शनिवारी सकाळी बायकोनं विचारलं. "दोन दिवस चहा पुढ्यात घेऊन नुसते बसताय. गुण आले ना चांगले?" त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, वजाबाकीसकट. ती हातातल्या कपड्याची घडी करत होती, ती घडी तशीच राहिली. "पण बाई वाचली ना?" "ती वाचली," तो म्हणाला. "मी नाही वाचवली."  मग तिनं घडी पूर्ण केली. "आणि ती सकाळी पाचला अंधारात जाते," ती म्हणाली. तिनं लेकीचं नाव घेतलं नाही. त्यानं पुढ्यातला चहा बाजूला सारला. कुत्रा. थोडक्यात गेला. शाब्बास. घास हातात धरून आपण शाब्बास म्हणालो.

फोनवर तीच मुलगी होती, किंवा तसाच आवाज. "ताई, मला एक सांगायचंय. गुरुवारी मी एका बाईला जवळजवळ उडवली." "क्लेम नोंदवायचाय का, सर?" "नाही. तिला काही झालं नाही. ब्रेक उशिरा मारला, आणि हलका मारला. तुमच्या डबीत तो दिसणार नाही." थोडी खुडखुड ऐकू आली. "सर, तुमचे गुण ब्याण्णव आहेत." "तेच तर सांगतोय." "ते चांगले गुण आहेत, सर." "अहो ताई, चांगले आहेत म्हणूनच सांगतोय!"  "सर, असा पर्याय माझ्याकडं पडद्यावर येत नाहीये," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज जरा माणसासारखा वाटला. तो म्हणाला, "बरं, समजा उद्या गुण घसरले. पंच्याऐंशीच्या खाली. आणि मुलीचं नाव काढायचं नाही. मग काय करता येतं?" तिनं विचारलं, "गाडी तुम्ही धंद्याला वापरता, सर?" कवळ्या पोचवायला, तो म्हणाला. "ते बंद केलंत तर ती रक्कम उतरेल. नुकसान झालं तर त्यातला थोडा जास्त भाग स्वतः भरायचं कबूल केलंत तर अजून उतरेल. पहिल्याइतका नाही होणार, सर. पण दीडपटही नाही." "म्हणजे मी बसनं जायचं." "ते मी कसं सांगू, सर?" डब्या मांडीवर घेऊन, दोन बस बदलून, चार डॉक्टर. बँडमास्तरचे दात गर्दीत. त्यानं डोळे मिटले. "धंद्याचा वापर काढून टाका," तो म्हणाला. "मुलगी ठेवा." "आधी गुण तरी बघा, सर, अजून एक दिवस आहे." "उद्या घसरणार आहेत," तो म्हणाला. "तुम्ही लिहून ठेवा."

रविवारी सकाळी त्यानं भिंगरीला घाऊक बाजाराच्या मागच्या पटांगणात नेलं. सुट्टीमुळं सगळी शटर खाली होती, जमिनीवर कोबीची वाळलेली पानं आणि हातगाड्यांच्या चाकोऱ्या, माणूस नाही. वाटेतच त्यानं तिला सांगितलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. गाडी थांबल्यावर म्हणाली, "बाबा, तो कुत्रा मलाही दिसला होता. नीट दिसला होता. मी तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं तू रागावशील." तिचा आवाज बारीक झाला होता. "तू शाब्बास म्हणालास. मग मला बरं वाटलं. आणि नंतर बरं वाटलं याचं कसंतरी वाटलं."  तो उतरला आणि जागा बदलून बसला. "चालव," तो म्हणाला. "आणि मी सांगितलं की ब्रेक दाब. सगळं बळ लाव. विचारायचं नाही कुणाला." "गुण जातील." "जाऊ दे." पहिल्या खेपेला ती कचरली. दुसऱ्या खेपेला पट्टा दोघांच्या छातीत रुतला, धूळ उडाली आणि डबी ओरडली. टुक. चार गेले. तिसऱ्यांदा, टुक. हिरवा दिवा पिवळा झाला. भिंगरी एकदम हसायला लागली, डोळ्यात पाणी येईपर्यंत, आणि म्हणाली, "आता तू."

त्याच्या पायाला ते येईना. वेग घ्यायचा, ती 'आता!' म्हणायची, आणि पाय जायचा, टेकायचा, आणि गाडी साय धरल्यासारखी थांबायची. डबी गप्प. त्यानं जोर लावला. जोर मांडीत राहिला, तळव्यापर्यंत उतरला नाही.  हे आता असंच राहिलं तर? पंचवीस वर्षं बोटं जड करायची म्हटली तरी जड होत नाहीत; पाय तसाच झाला असला तर? भिंगरी उतरली. जमिनीवर विटेच्या तुकड्यानं तिनं एक रेघ ओढली आणि पार कडेला, शटरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. "तू सरळ ये," ती ओरडली, "गुरुवारच्या वेगानं ये. तू रेघेवर आलास की मी 'आता' म्हणेन, नाहीतर आधीच म्हणेन, नाहीतर म्हणणारच नाही. तुला कळणार नाही." मग ती ओरडायची, आणि गाडी थांबली की उडी मारून ओट्यावरून उतरायची आणि हाक मारली तेव्हा गाडी जिथं होती तिथून पावलं मोजत यायची, दवाखान्यात म्हाताऱ्यांना चालवताना मोजते तशी, मोठ्यानं. "एकोणीस, बाबा!" तो गाडी मागं घ्यायचा. "अठरा!" पुन्हा मागं. एकदा ती ओरडलीच नाही आणि तो सरळ पटांगणाच्या टोकापर्यंत गेला. "सतरा. सोळा!" सोळा ऐकल्यावर त्यानं तिच्याकडं न बघता गाडी मागं घेतली. पुढच्या खेपेला तिनं रेघेच्या कितीतरी आधी हाक मारली, 'आता' नव्हे, नुसतं "बाबा!" म्हणाली, आणि त्याच्या डोक्यात या वेळी काहीच झालं नाही, आकडा नाही, आवाज नाही, पाय जमिनीपर्यंत गेला, पट्ट्यानं खांदा कापला, चाकं किंचाळली, आणि गाडी नाक खाली घालून जागच्या जागी थरथरत उभी राहिली. डबी टुक टुक करत होती. दिवा लाल झाला होता. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते आणि ते थांबवावे असं त्याला वाटत नव्हतं.

भिंगरी पावलं मोजत आली. खिडकीपाशी वाकली. तिच्या कपाळावर धूळ होती. "चौदा," ती म्हणाली. "चौदाच लागत होती ना?"

"चौदा म्हणजे तिच्या अंगाला लागून," तो म्हणाला. त्यानं गाडी मागं घेतली. "जा, रेघेवर उभी राहू नकोस, ओट्यावर जा. पुन्हा."